फॉर्ममधला दुसरा प्रश्न

मागच्या आठवड्यात आमच्या मोहल्ल्यात आशाताई सीबॅक फॉर्म भरायला आली होती. शेजारच्या काकूंच्या ओट्यावर आम्ही तिघी बसलो. पहिला प्रश्न वयाचा. काकू म्हणाल्या, सत्तेचाळीस. दुसरा प्रश्न तंबाखूचा. बिडी-सिगारेट ओढता का, गुटखा, खैनी, खर्रा असं काही खाता का? उत्तरं तीनच : कधीच नाही, पूर्वी किंवा कधीमधी, आणि रोज.

"नाही वं बाई. मी तं काहीच खात नाही," काकू म्हणाल्या.

आशाताईने शून्य लिहिलं. काकूंच्या पदराच्या गाठीत खर्र्याची पन्नी होती. ती आशाताईला दिसली, मला दिसली, आणि आम्हाला दिसली हे काकूंनाही कळलं. कुणी काही बोललं नाही. फॉर्म पुढे सरकला.

आता या शून्याचा हिशेब सांगते, कारण बहुतेकांना तो माहीतच नसतो. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी, शुगर, तोंडाचा कॅन्सर, आणि बायकांसाठी स्तनाचा व गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर अशी तपासणी व्हावी म्हणून हा फॉर्म आहे. प्रत्येक उत्तराला गुण असतात. चाळिशीतल्या बाईला वयाचे २ गुण. रोज तंबाखू असेल तर आणखी २. कंबर जरा जास्त असेल तर १. बेरीज ४ च्या वर गेली की त्या व्यक्तीला तपासणीला आधी पाठवायचं. म्हणजे काकूंनी खरं सांगितलं असतं तर ५ झाले असते. "नाही" म्हटल्यावर ३ झाले. एका शून्याने काकू रांगेत मागे गेल्या.

हे शून्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. मीही एकदा टाकलं होतं.

माझी आई भंडारा जिल्ह्यातली. रोवण्याच्या दिवसांत पहाटेपासून चिखलात वाकून उभं राहावं लागायचं. शिदोरी यायला उशीर झाला की बायका तंबाखू-चुन्याची चिमूट एकमेकींच्या हातावर ठेवायच्या. भूक मरते, कंबर दुखत नाही, अंगात गरमी राहते, असं म्हणायच्या. आईला पहिली चिमूट तिच्या सख्ख्या मावशीने दिली. तेव्हा ती बारा वर्षांची होती. पुढे लग्न होऊन नागपूरला आली, तंबाखूच्या जागी खर्रा आला, पण चिमटीची वेळ तीच राहिली. कामाला लागायच्या आधी एक, जेवण झाल्यावर एक.

मी शिकले, नोकरीला लागले आणि मला आईच्या पुडीची लाज वाटायला लागली. २००९ साली तिला तिखट सोसेना झालं. वरणातली मिरचीसुद्धा झोंबायची. तोंड पूर्वीसारखं उघडत नव्हतं. मी तिला एका दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू वगैरे?" आई काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "नाही नाही, आमच्याकडे कुणी खात नाही." आईने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तोंड आल्याचं औषध घेऊन आम्ही घरी आलो. सात महिन्यांनी गेलो तेव्हा गाठ हाताला लागत होती. ऑपरेशन झालं, जबड्याचा एक भाग काढला. त्यानंतर ती दोन वर्षं होती.

डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी विचारलं होतं. उत्तर मी दिलं होतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात दोन प्रश्न आहेत. बायकांच्या तोंडात हा तंबाखू आला कुठून, आणि तो सोडवायला आजवर कोण कोण आलं. काकूंच्या त्या शून्याने ते पुन्हा वर आले, म्हणून हे लांबलचक लिहून राहिली आहे.

तंबाखू आपला नाही. तो अमेरिका खंडातला. पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला आणि तिथून तो आदिलशाहीत गेला. अकबराचा माणूस असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरला गेला होता, त्याने तिथे तंबाखू पाहिला आणि नवलाची वस्तू म्हणून बादशहाकडे नेला. दरबारातल्या हकिमाने तेव्हाच नाक मुरडलं होतं. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने धूम्रपानावर बंदी घातली. म्हणजे आपल्याकडे तंबाखू आणि तंबाखूबंदी यांच्यात उणीपुरी पंधरा वर्षांचं अंतर. बंदी कागदावर राहिली, तंबाखू शेतात आला.

पुरुषांचा तंबाखू उघड्यावरचा. हुक्का, चिलीम, बिडी. चारचौघांत बसून ओढायचा. बाईने धूर काढणं मात्र वाईट दिसायचं. म्हणून बाईच्या वाट्याला आला तो बिनधुराचा आणि औषधाच्या नावाने आलेला. तव्यावर तंबाखू काळा होईस्तोवर भाजायचा, त्याची पूड करायची आणि सकाळी हिरड्यांना लावायची. पश्चिम महाराष्ट्रात त्याला मिश्री म्हणतात, मुंबई-कोकणाकडे मशेरी. आपल्याकडे तपकिरीची नस, छत्तीसगडच्या बाजूला गुडाखू. दात दुखतो म्हणून, पोट साफ होत नाही म्हणून, बाळंतपणानंतर गॅस होतो म्हणून. एकदा ती दंतमंजन झाली की तिला व्यसन कोण म्हणणार? सासू स्वतःच्या हाताने सुनेला द्यायची.

आणि पूर्व विदर्भात तर तंबाखू हाच घरचा रोजगार होता. भंडारा-गोंदियाचा तेंदूपत्ता आणि घरोघरी बिड्या वळणाऱ्या बायका. आपल्या कामठीच्या बाबू हरदास यांनी १९३० च्या दशकात बिडी कामगारांची संघटना बांधली ती याच लोकांसाठी. जिच्या सुपात दिवसभर तंबाखू आहे, तिने चिमूटभर तोंडात टाकला तर त्यात तिला वेगळं काय वाटणार?

हे किती पसरलेलं आहे त्याचा एक आकडा सांगते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या १२.८ टक्के बायका बिनधुराचा तंबाखू घेत होत्या. महाराष्ट्रात हेच प्रमाण १६.६ टक्के निघालं. म्हणजे सहा बायकांत एक. तुमच्या भिशीत बारा जणी असतील तर त्यातल्या दोन. आणि हे कबूल केलेल्यांचं प्रमाण आहे. काकूंसारख्या आणि माझ्या आईसारख्या यात नाहीत.

आता तो सोडवायला कोण आलं ते पाहू.

सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळा आला तो कायदा. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. कंपन्या कोर्टात गेल्या. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. २००२ मध्ये महाराष्ट्राने गुटखा पाच वर्षांसाठी बंद केला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. असा अधिकार राज्याला नाही, असं म्हटलं. मग २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत एक वाक्य आलं, की कुठल्याही खाद्यपदार्थात तंबाखू आणि निकोटीन नको. त्या वाक्याचा आधार घेऊन २०१२ च्या जुलैमध्ये महाराष्ट्राने गुटखा आणि पानमसाला पुन्हा बंद केला आणि पुढच्याच वर्षी सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा, मावा यांनाही त्यात ओढलं.

या कायद्यांना मी नावं ठेवत नाही. शाळेबाहेर लटकणाऱ्या पाऊचच्या माळा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत, त्या निदान उघड्यावरून गेल्या. पण कायदा पोचतो तो कारखान्यापर्यंत, गोदामापर्यंत, फार तर पानठेल्यापर्यंत. खर्रा पाकिटातून येत नाही. पानठेल्यावर तुमच्यासमोर सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र करून पन्नीत घोटून देतात. मिश्री तर घरच्या तव्यावर भाजली जाते. तिला ना परवाना, ना लेबल, ना कंपनी. ती पकडायला अन्न निरीक्षक कुणाच्या स्वयंपाकघरात जाणार आहे?

दुसरे आले ते संशोधक. त्यांच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फली मेहता नावाचे दंतवैद्य होते. अणू आणि गणितासाठी नावाजलेल्या त्या संस्थेत दातांच्या संशोधनाचा एक छोटा विभाग होता. तिथल्या लोकांनी १९६६-६७ मध्ये देशातल्या पाच जिल्ह्यांत घरोघरी जाऊन ५० हजारांहून जास्त गावकऱ्यांची तोंडं तपासली. नंतर आपल्या पुणे जिल्ह्यातली एक लाखाहून जास्त. दवाखान्यात येईल त्याला तपासू असं न म्हणता ते उंबऱ्यावर गेले. तोंडातले पांढरे चट्टे आणि तंबाखू यांचं नातं त्यांनी माणसं मोजून दाखवलं.

त्याच लोकांनी १९७७ मध्ये पुढचा प्रश्न विचारला. नुसतं सांगून माणूस तंबाखू सोडेल का? केरळातला एर्नाकुलम, आंध्रातला श्रीकाकुलम आणि गुजरातेतला भावनगर, अशा तीन जिल्ह्यांतले ३६ हजार तंबाखू घेणारे लोक निवडले. श्रीकाकुलमच्या बायका चुट्टा उलटा ओढायच्या, पेटतं टोक तोंडात घालून. अशा बायकांशी कसं बोलायचं, हे शोधायला मीरा आगी नावाच्या मानसशास्त्रज्ञ त्या पथकात होत्या. फिल्म, पोस्टर, रेडिओ होतेच, पण मुख्य गोष्ट अशी की दरवर्षी तेच पथक त्याच माणसाकडे परत जायचं. तोंड पाहायचं, बोलायचं, पुढच्या वर्षी पुन्हा यायचं. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला. सगळे सुटले असं नाही, फार मोठा आकडाही नव्हता. पण सोडणारे आणि कमी करणारे वाढले, आणि नव्याने चट्टे येणाऱ्यांचं प्रमाण घटलं. नुसतं बोलून, फक्त पुन्हा पुन्हा बोलून.

नागपूरही यात मागे नाही. १९८० पासून इंडियन कॅन्सर सोसायटीची कॅन्सर नोंदणी आपल्या शहरात चालू आहे. १९९८ मध्ये आपल्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या डॉ. हजारे यांनी सहकाऱ्यांसोबत एक अभ्यास छापला. तोंड आखडून बंद होत जाणाऱ्या रोगाचे, म्हणजे सबम्यूकस फायब्रोसिसचे २०० रुग्ण त्यांनी घेतले आणि जवळपास तेवढ्याच निरोगी लोकांशी ताडून पाहिले. दोषी सापडली सुपारी. माझ्या आईला झालं होतं ते हेच. मी तिला दवाखान्यात नेलं त्याच्या अकरा वर्षं आधी याच शहरात हे लिहून झालेलं होतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्या बायका खर्रा सोडला की सुपारीवर येतात. "मी तं आता निस्ती सुपारी खातो," असं अभिमानाने सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच नुसत्या सुपारीला, तंबाखू नसलेल्या सुपारीला, कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. त्यामुळे खर्रा सोडून सुपारी म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आणि पोटातल्या बाळाचं काय? २००४ मध्ये प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तंबाखू लावणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. त्यातल्या बहुतेक बायका मिश्रीवाल्याच होत्या. जिला घरात कुणी व्यसन म्हणत नव्हतं, तीच मिश्री.

कायदा आला, विज्ञान आलं. पण काकूंच्या ओट्यावर यातलं कुणी येऊन बसलं नाही. तिथे बसली ती तिसरी, आणि तिचा इतिहास आपल्या महाराष्ट्राचाच आहे.

१९७० मध्ये जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. गावच्याच बायका, त्यातल्या कितीतरी दलित, कितीतरी निरक्षर, यांना शिकवून त्यांनी गावाचं आरोग्य त्यांच्या हाती दिलं. १९७७ मध्ये सरकारने देशभर गावोगावी आरोग्यसेवक नेमायची योजना आणली, पण निवडले गेले ते बहुतेक पुरुष. आता पुरुषाला कुठली बाई सांगणार की मी मिश्री लावते? १९९० च्या दशकात आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं की त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. सातवी-आठवी शिकलेली बाई, खांद्यावर पिशवी, आणि एका बाळासाठी त्याच घरात पुन्हा पुन्हा फेरी. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आली, तिच्यामागे हा सगळा अनुभव होता. २०१३ पासून शहरी अभियान आलं आणि आपल्या नागपूरच्या वस्त्यांतही आशाताई फिरू लागली.

त्याच गडचिरोलीत, जिथे लोकांच्या आंदोलनातून १९९३ मध्ये दारूबंदी झाली, तिथे २०१६ पासून 'मुक्तिपथ' चालू आहे. त्यात दारूसोबत तंबाखूही धरला आहे. आपल्या विदर्भातल्याच जिल्ह्यात खर्रा हा आरोग्याचा मोठा प्रश्न मानून काम होतं, आणि आपण नागपुरात त्याला अजून जिभेचे चोचले समजतो.

डॉक्टर नसलेली व्यक्ती तोंड पाहून काही ओळखू शकते का, अशी शंका येते. तिरुवनंतपुरमला १९९६ पासून हे करून पाहिलं. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन टॉर्चच्या उजेडात तोंडं पाहिली आणि संशय आला त्यांना पुढे पाठवलं. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. तेही २००५ मध्ये छापून आलं आहे.

म्हणजे काय करायचं ते माहीत आहे. कोणी करायचं तेही माहीत आहे. मग अडलं कुठे?

हे मला आमच्या आशाताईनेच सांगितलं. फॉर्म भरून झाल्यावर ती माझ्याकडे पाणी प्यायला आली. मी म्हटलं, "तुला दिसली होती ना पन्नी? मग शून्य का लिहिलं?"

ती म्हणाली, "ताई, मी दोन लिवलं असतं तं काकूनं पुढच्या टायमाले दार नसतं उघडलं. आता शून्य लिवलं तं मी परत जाऊ शकतो."

मग हळूच म्हणाली, "मी बी खात होतो ना. सासूनं लावली सवय. चार डाव सोडला, चार डाव धरला. पाचव्या टायमाले सुटला."

तिच्याकडून मला कळलं की पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. डोकं धरतं, चिडचिड होते, लेकरांवर हात उठतो, आणि मुख्य म्हणजे पोट साफ होत नाही. बाईला वाटतं तंबाखूशिवाय आपलं पोटच चालत नाही, आणि ती पुन्हा चिमूट घेते. पोटाची ही अडचण काही दिवसांची असते, निकोटीनची सवय सुटताना होतेच, गरम पाणी आणि पालेभाजीने निभावून नेता येते. पण हे तिला त्या तिसऱ्या दिवशी कुणी येऊन सांगायला हवं. तलफ आली तर ती पाच-सात मिनिटांत ओसरते, तेवढ्यात तोंडात लवंग नाहीतर बडीशेप टाकायची, हातात काहीतरी काम घ्यायचं. हे पोस्टरवर लिहिलेलं असतंच. पण त्या पाच मिनिटांत शेजारी बसणारं पोस्टर अजून कुणी काढलेलं नाही.

तंबाखू सोडवण्याच्या प्रशिक्षणात पाच पायऱ्या शिकवतात. विचारा, सल्ला द्या, तयारी पाहा, मदत करा, पुन्हा भेटा. फॉर्ममध्ये यातली फक्त पहिली आहे. त्या फॉर्ममागे आशाताईला १० रुपये मिळतात. पाचवी पायरी, पुन्हा भेटा, तिला ना रकाना ना रुपया. जामखेड, गडचिरोली, श्रीकाकुलम, जिथे जिथे काम झालं तिथे ते पुन्हा जाण्यानेच झालं. आणि आपण नेमकं तेच बिनपगारी ठेवलं आहे. लसीकरण, गरोदर बायका, टीबी, डेंग्यूचा सर्व्हे, आणि वरून मोबाइलवर सगळ्याची नोंद, एवढं उरकून तिने चार वेळा काकूंच्या ओट्यावर यावं तर ते स्वतःच्या जिवावर. २०२३-२४ मध्ये याच आशाताई मानधनासाठी संपावर होत्या, मुंबईला आझाद मैदानात जाऊन बसल्या होत्या. तेव्हा आपल्यातलेच काही जण म्हणत होते, की या बायका असं करतात तरी काय?

तर माझं म्हणणं एवढंच आहे. नवीन बंदी नको, नवीन रथयात्रा नको, ३१ मे ला शाळेतल्या पोरांच्या हातात फलक देऊन फोटोही नको. आशाताईच्या कामात तंबाखू सोडवण्याच्या चार भेटी धराव्यात. सोडल्यावर तिसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. त्या भेटींचे पैसे द्यावेत. तिला एक चांगला टॉर्च द्यावा. ज्या आशाताई स्वतः तंबाखू खातात त्यांना आधी सोडायला मदत करावी, लाज न काढता. आणि चट्टा दिसला तर पाठवायची जागा आणि वार ठरलेला असावा, म्हणजे बाईची एका दिवसाची मजुरी बुडाली तरी ती फुकट जाणार नाही. निवडणुकीत मतं मागायला दारावर येणाऱ्यांना हे विचारता येतं. मी विचारणार आहे.

आणि घरात तुम्ही-आम्ही करायचं ते असं. आई, सासू, काकू, भांडी घासायला येणारी ताई, यांपैकी कुणाच्या तोंडाला तिखट झोंबत असेल, तोंडात आपली तीन बोटं उभी जात नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर दंतवैद्याला दाखवा. तोंड आखडलं असेल तर सोडल्यावर ते पूर्ण पूर्वीसारखं होत नाही, पण पुढचं आखडणं थांबू शकतं आणि कॅन्सरचा धोका कमी होतो. फोनवर बोलायचं असेल तर १८००-११२-३५६ ही सरकारची फुकट सेवा २०१६ पासून आहे. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा तिच्या वतीने उत्तर देऊ नका. तिला बोलू द्या.

काल आशाताई पुन्हा आली होती. फॉर्म नव्हता, पिशवीही नव्हती. काकूंच्या ओट्यावर बसून दोघी वांगी चिरत होत्या. मी गेले तेव्हा काकू म्हणत होत्या, "दिवसातून दोनच खातो वं आता. पयले पाच होत होते."

आशाताईने वहीत काही लिहिलं नाही. लिहायला जागाच नाही. ती एवढंच म्हणाली, "बरं. सोमवारी येतो मंग."